उकंडा, तिथे लॉक लागतं

उकंडा,

तुझी शोकसभा व्यवस्थित पार पडली. कॉलेजच्या हॉलमध्ये फ्लेक्स लावला होता आणि त्यावर तुझ्या नावाआधी ‘जागतिक कीर्तीचे संगणकतज्ज्ञ’ असं छापलं होतं. नोकरीभर तू ‘प्रयोगशाळा सहायक’ होतास. बढतीसाठी तुला मरावं लागलं. अध्यक्षांनी सांगितलं, की साऱ्या जगात चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम तू दिग्रसजवळच्या तांड्यात बसून लिहिलीस. टाळ्या पडल्या. मग ही शोकसभा आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या एकेक करत थांबल्या. दोन मिनिटांचं मौन अर्ध्या मिनिटात आटोपलं, कारण अध्यक्षांना आर्णीला एका शोरूमचं उद्घाटन होतं.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठलो नाही. खरं बोलायचं तर असं म्हणावं लागलं असतं, की उकंडा राठोडनं त्या सिस्टिमसाठी मशीन चालवेल अशी एकही ओळ लिहिलेली नाही. कोडच्या वर माणसांसाठी ज्या सूचना लिहिलेल्या असतात, ज्यांना आपण कॉमेंट म्हणतो, त्या तो वाचायचा आणि ज्या काळाच्या ओघात खोट्या झाल्या असतील त्या दुरुस्त करायचा. एवढंच. हे ऐकून हॉलला वाटलं असतं, की मास्तरानं मेलेल्या मित्रावर सूड उगवला.

न उठण्याचं दुसरंही कारण होतं. त्या सकाळी एक मेल आला होता. तो तुला लिहिलेला होता आणि मला त्याची प्रत होती. अध्यक्ष बोलत होते तेव्हा मी मांडीवर मोबाइल ठेवून तो तिसऱ्यांदा वाचत होतो.

त्या मेलबद्दल लिहायलाच बसलो आहे, पण हात तिकडे जात नाही. म्हणून आधी जुनं काहीतरी.

प्रयोगशाळेतली एक मशीन सारखी अडकायची. ती सिस्टीम जगभरचे लोक मिळून लिहितात आणि तिचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो, हे मी वर्गात बारा वर्षं शिकवत होतो आणि स्वतः एकदाही उघडून पाहिलेला नव्हता. तू उघडलास. मेमरी सांभाळणाऱ्या भागात शिरलास आणि चार दिवसांनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिलास.

‘मास्तर, इथं लिवलं हाय का पुढचं काम दुसरं एक फंक्शन करते. म्या सारं शोधलं. थे फंक्शनच नाई.’

‘असेल कुठेतरी.’

‘नाई ना. काहाडून टाकलं कवाचंच. पाटी तशीच लटकून राह्यली.’

तुझ्या चेहऱ्यावरचा राग मला ओळखीचा होता. आपल्या वाटेवरच्या एका एसटी स्टँडवर तो मी आधी पाहिला होता. स्टँडचं नाव घेत नाही, कंट्रोलर अजून नोकरीत आहे. उमरखेडची सकाळची गाडी बंद होऊन बरेच दिवस झाले होते, पण वेळापत्रकाच्या फळ्यावर ती रोज सुटत होती. तिच्यासाठी एक म्हातारी दोन तास पिशवी धरून बसलेली तू पाहिलीस, बाकावर चढलास आणि मार्करनं ती ओळ खोडलीस. कंट्रोलर धावत आला.

‘ए भाऊ, तुले कोनं सांगतलं खोडाले?’

‘गाडी जाते का?’

‘नाई जात.’

‘मंग?’

‘मंग काय मंग? वरून लेखी आलं नाई अजून.’

तू मार्कर त्याच्यापुढे धरलास. ‘मंग तुमी लिवा पुन्हा.’

त्यानं लिहिलं नाही. मार्कर मात्र ठेवून घेतला.

मी तुझी टिंगल करायचो. कॉमेंट मशीन वाचत नाही, कोड कंपाइल होताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरताना, सगळ्यात आधी तीच गाळली जाते, तिच्यात खोटं असलं तर अडतं कोणाचं, हा माझा मुद्दा होता. प्रयोगशाळेत जेवणाचा डबा उघडला की तो मी काढायचो आणि तू भाकरी मोडता मोडता तेच उत्तर द्यायचास.

‘मशीन नाई वाचत. मानूस वाचते ना. मशीनले खोटं सांगतलं तं थे अडते, बोंबलते. मानसाले सांगतलं तं थो बिनघोर पुढं जाते.’

‘मग माणसानं वाचू नये.’

‘तुमी तं तसेबी नाई वाचत.’

सात वर्षं हे भांडण चाललं. मी हरलो असं कधी म्हणालो नाही. आज म्हणतो, पण तू ज्या पद्धतीनं जिंकलास ती पाहता, तुलाही हा निकाल नको झाला असता.

तू पाठवलेल्या दुरुस्त्या सुरुवातीला किरकोळ होत्या. नाव बदललेल्या फंक्शनचं, म्हणजे एका कामापुरत्या कोडच्या तुकड्याचं, नाव कॉमेंटमध्ये बदलायचं, काढून टाकलेल्या गोष्टीचा उल्लेख काढायचा. त्या भागाची राखण करणारा एक माणूस आहे, बाहेरून आलेला प्रत्येक बदल त्याच्या हातून आत जातो. तू त्याला ‘नाईक’ म्हणायचास, तांड्याला नाईक असतो तसा. ‘नाईक आज खवळला हाय’ किंवा ‘नाईकानं हाव म्हटलं’ यावरून मला तुझा दिवस कसा गेला ते कळायचं. आणि तिथली एक रीत आहे. बदलाखाली करणाऱ्याचं नाव असतं, तसं तो तपासणाऱ्याचंही असतं. शिक्का नाही, हुद्दा नाही. अमक्यानं तपासलं, एवढी एक ओळ. ती ओळ लिहिणाऱ्यानं तो बदल खरोखर वाचला आहे असं सगळे धरून चालतात.

तुझ्या बदलांखाली ती ओळ माझी असायची.

मग ती दुरुस्ती आली. मेमरीच्या तुकड्याला पेज म्हणतात. काम संपलेलं पेज परत जमा करायचं एक फंक्शन आहे. त्याच्यावर जुनी कॉमेंट होती: हे बोलावण्याआधी लॉक घ्या. लॉक म्हणजे कुलूपच. मी या पेजला हात लावला आहे तोवर दुसऱ्या कोणी लावू नये, एवढ्यासाठी. तू ते फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते शोधलंस. सहा जागा सापडल्या. सहाही ठिकाणी लॉक घेतलेलं नव्हतं आणि घ्यायची गरजही नव्हती, कारण तिथवर येईतो ते पेज दुसऱ्या कोणाला दिसतच नसे. म्हणून तू कॉमेंट बदललीस. लॉक लागत नाही, असं लिहिलंस.

त्या दिवशी मी कॉलेजच्या कामानं यवतमाळला गेलो होतो. परतताना दारव्ह्याला गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा तुझा फोन आला.

‘मास्तर, हे जरा नीट पाहा. हे नाव बदलाचं काम नोहे. याच्यात मी म्हनून राह्यलो का लॉक लागत नाई. चुकलो तं मोठं नुसकान होईन.’

‘पाहतो.’

‘उद्या पाहा. घाई नाई.’

मला घाई होती, कारण मला ते उद्या पाहायचं नव्हतं. मोबाइलवर तुझा मजकूर उघडला. तुझं इंग्रजी वाक्य लांबलं होतं, ते तोडून दोन सुटसुटीत वाक्यं केली. खाली लिहिलं, तपासलं, आणि माझं नाव. ड्रायव्हर चहा पिऊन परत यायच्या आत झालं होतं. कोड मी उघडलाच नाही.

पाच मिनिटांनी तुझा फोन. ‘इतक्यात झालं?’

‘तुझं काम चोख असतं, लेका.’

तू हसलास. माझ्याकडून अशी पावती तुला कधी मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी तिळाची चटणी आणलीस आणि कारण सांगितलं नाहीस. मी ती खाल्ली, उकंडा. आठ दिवस पुरवून खाल्ली.

आता तो मेल.

त्यावरून कळलं, की सातवी जागा होती. तिथे ते फंक्शन नावानं बोलावलेलं नाही. त्याचा पत्ता आधी एका जागी ठेवला आहे आणि वेळ आली की त्या पत्त्यावर जायचं, असं लिहिलं आहे. नावानं शोधलं तर ती जागा सापडत नाही. कोड ओळीओळीनं वाचत गेलं तरच सापडते. तिथे पेज दुसऱ्यांनाही दिसत असतं आणि तिथे लॉक घेतलेलं होतं. जुनी कॉमेंट त्या सातव्या जागेसाठी होती. ती खरी होती. तू खोटं दुरुस्त करायला गेलास आणि खरं पुसलंस.

तरीही काही बिघडलं नसतं. लॉक जागेवर होतं. पण कुठल्यातरी दूरच्या देशातली एक बाई साफसफाई करता करता त्या जागेपाशी आली. वर वाचलं तर लॉक लागत नाही, खाली पाहिलं तर लॉक घेतलेलं. तिनं ते काढून टाकलं आणि कारण म्हणून तुझी कॉमेंट जोडली. नाईकानं ते आत घेतलं. आता कामाचा ताण वाढला की मशीन अडकतात, एकाच पेजवर दोघांचे हात पडतात आणि साठवलेला मजकूर नासतो.

नाईकाचा मेल सभ्य होता. प्रिय उकंडा, लॉक लागत नाही हे तू कशावरून ठरवलंस? सगळ्या जागा पाहिल्या होत्यास का? तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

तू कुठे आहेस हे त्याला ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी त्या बाईचा मेल आला. चूक माझीच आहे, मी कॉमेंटवर विसंबून राहायला नको होतं, क्षमा करा. वाचून मला काय वाटलं ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मला हायसं वाटलं. लॉक तिनं काढलं होतं. दोष तिच्या नावावर जातोय, ती घेते आहे, तुझं नाव स्वच्छ राहतंय, आणि तुझ्याखालचं माझंही. मेलेल्या मित्राचा मान राखला असं मी स्वतःला सांगितलं. एरवी असं वाक्य दुसऱ्यानं उच्चारलं असतं तर मी त्याची आठवडाभर थट्टा केली असती.

तुझ्या तेरवीला तांड्यात आलो होतो. जेवणं आटोपल्यावर रेखावहिनींनी मला ओसरीवर थांबवलं आणि एक लांब वही आणून दिली.

‘भाऊजी, हे तुमच्या कामाची असन. मले यातलं काई समजत नाई.’

याडी खांबाला टेकून बसली होती. तुझ्याआधीची दोन लेकरं गेली म्हणून तुझं नाव उकंडा ठेवणारी आई, उकिरड्यावरचं कोणी उचलून नेत नाही अशा हिशेबानं. सेहेचाळीस वर्षं पुरलं ते नाव. ती माझ्याकडे पाहत नव्हती, वहीकडे पाहत होती.

वहीत प्रत्येक दुरुस्तीला एक पान होतं. त्या दुरुस्तीचं पान सापडलं. सहा जागा, सहांपुढे बरोबरची खूण. त्याखाली तुझ्या तिरप्या अक्षरात: ‘सातवी? असन तं मास्तर पकडते.’

माझ्याकडून एवढी अपेक्षा बायकोनं ठेवली नाही, विद्यार्थ्यांनी ठेवली नाही, मीही ठेवली नाही. तुला शंका होती. तू शंका घेऊन माझ्याकडे आलास, घाई नाही म्हणालास, आणि मी तुझी दोन वाक्यं सुटसुटीत करून दिली. उकंडा, तू मला शिव्या का दिल्या नाहीस? एवढ्या लवकर झालं तेव्हा तू हसलास कशाला? तुझी खात्री पटली नव्हती तर पुन्हा विचारायचं होतंस, घरी यायचं होतंस, माझ्यासमोर बसून एकेक ओळ वाचून घ्यायची होतीस. बघ, अजूनही मी दोष तुझ्याकडेच ढकलतो आहे.

‘काय झालं, भाऊजी?’

‘त्याच्याकडून एक चूक झाली आहे, वहिनी.’

‘कायची चूक?’

‘मशीनमध्ये एका ठिकाणी कुलूप पाहिजे होतं. त्यानं लिहिलं, नको. ते वाचून एका बाईनं काढलं. आता मशिनी बंद पडतात. ती बाई म्हणते, चूक तिची.’

‘तुमाले नाई दाखवलं का त्यायनं?’

‘दाखवलं होतं.’

‘मंग?’

‘मी पाहिलं नाही. पाहिलं म्हणून लिहून दिलं.’

याडीनं मान वळवली. तिला किती कळलं माहीत नाही. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

‘त्यायचं नाव खराब होईन का?’

‘होईल थोडं. माझंही होईल.’

‘तुमचं कोन इचारते?’ वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘त्या बाईले कायले भोगाले लावता? तिच्या घरी बी कोनी असन. लिवा तुमी. पन त्यायनं तुमाले इचारलं होतं, थे बी लिवा. नुसतं चुकले म्हनून नोका लिवू.’

मी दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं. लॉक परत घातलं, जुनी कॉमेंट तुझ्या आधी होती तशी शब्दशः ठेवली. मग कोणत्या बदलातली चूक दुरुस्त होते आहे ते सांगायची ओळ. तिथली रीत अशी, की ती ओळ लिहावीच लागते आणि तिच्यात नाव टळत नाही. मी दोन ओळी लिहिल्या. आधी तुझा बदल, मग त्या बाईचा. खाली लिहिलं, की सातव्या जागेची शंका उकंडा राठोड यांना होती, ती तपासण्यासाठी त्यांनी हे माझ्याकडे दिलं होतं, मी कोड न वाचता तपासलं असं लिहिलं, आणि उकंडा राठोड आता हयात नाहीत. इंग्रजीत हे फार छोटं होतं. पाठवताना तिथला प्रोग्राम संबंधितांचे पत्ते आपोआप जोडतो. तुझाही जोडला. काढता आला असता, मी काढला नाही.

नाईकाचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. तुझ्याबद्दल दोन ओळी होत्या, त्यात ‘जागतिक कीर्ती’ नव्हती. तू कॉमेंट वाचणारा त्याला माहीत असलेला एकमेव माणूस होतास असं त्यानं लिहिलं होतं. बदल घेतला होता. मला एका शब्दानंही बोलला नव्हता. शेवटी विचारलं होतं: उकंडाच्या बाकीच्या दुरुस्त्यांखालीही तपासणारा म्हणून तुमचं नाव आहे. त्या पुन्हा तपासाल का?

एकोणसाठ आहेत. त्यांतल्या किती मी खरंच वाचल्या होत्या हे त्यानं विचारलं नाही. पाच असतील.

म्हणून आता वाचतो आहे. कॉलेज सुटल्यावर तुझ्या टेबलाशी बसतो, कारण तुझी मशीन चांगली आहे. तुझी वही एका बाजूला, कोड समोर. नावानं शोधत नाही, ओळीओळीनं जातो. डोळे दुखतात आणि अर्धं कळत नाही. दुरुस्तीसोबत तू नाईकाला जी चिठ्ठी लिहायचास, तीही पहिल्यांदाच वाचतो आहे. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत तू एक वाक्य घातलं आहेस: हे लिहिलं गेलं तेव्हा बरोबर होतं. ज्यानं ती कॉमेंट लिहिली त्याला कमीपणा नको म्हणून. हे मला ठाऊक नव्हतं. सात वर्षं तुझ्या नावाखाली माझं नाव लिहीत होतो आणि हे एक वाक्य मला ठाऊक नव्हतं.

अकरा झाल्या. अकराही बरोबर आहेत. एकेक बरोबर निघाली की हात फोनकडे जातो.

बाराव्या दुरुस्तीवर तीन दिवस अडकलो आहे. तू लिहिलं आहेस, की हे फंक्शन चार ठिकाणांहून बोलावलं जातं. वहीत या पानावर फक्त आकडा आहे, जागा लिहिलेल्या नाहीत. मला तीन सापडल्या. सगळी फाइल दोनदा वाचली, शेजारच्याही वाचल्या. एकतर चौथी नाहीच, किंवा ती आहे आणि मला दिसत नाही. तू लिहिलंस म्हणजे असेल, असं म्हणून मी पुढे जाणार नाही. तेवढं एक तरी आता माझ्याकडून होणार नाही. उद्या पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो.

पण ती चौथी जागा असू दे, उकंडा. कुठेतरी असू दे.